आठ पूर्णांक सात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी खापर, मोलगी, डाब अशा लांबलांबच्या गावांहून अक्कलकुव्यात येऊन आज समोर बसले आहेत. त्यांतले काही शिक्षक झाले, काही तलाठी, ग्रामसेवक झाले. अंगणवाडीच्या ताई आहेत, आरोग्यसेविका आहेत. म्हणजे रोज नोंदी करणारी माणसं या सभागृहात बरीच आहेत. मी बोलणार आहे ते मात्र एका खेळाडूविषयी. तिचं नाव सिल्व्ही फ्रेशेत. कॅनडातल्या माँट्रियल शहरात 27 जून 1967 रोजी तिचा जन्म झाला. ती पोहायची, पण शर्यतीत नव्हे. संगीताच्या तालावर पाण्यात सादरीकरण करायचं, ज्याला तेव्हा सिंक्रोनाइज्ड स्विमिंग म्हणत, तो तिचा खेळ. या खेळात ती जगज्जेती झाली. तरीही ऑलिंपिकचं सुवर्णपदक तिच्या हाती पडायला सोळा महिने उशीर झाला, कारण एका पंचांकडून एक आकडा चुकीचा नोंदला गेला. तो आकडा चुकला कसा आणि दुरुस्त कोणत्या रीतीनं झाला, हे मला तुमच्यापुढं मांडायचं आहे.

आधी खेळ समजून घेऊ. टीव्हीवर हा खेळ पाहिला तर फसायला होतं. चमचमते पोशाख, रंगवलेले चेहरे, सतत हसू. पाण्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. तिथं दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून, आळीपाळीनं उलटसुलट दिशांना फिरवत ठेवलेले असतात. क्षणभरही ते थांबत नाहीत, म्हणून तर कमरेपर्यंतचं शरीर पाण्याबाहेर स्थिर राहतं आणि हात मोकळे मिळतात. उलटं झाल्यावर, डोकं खाली आणि पाय वर असताना, हेच काम तळहातांवर येतं. कोपरापासूनचे हात पाण्यात आडवे वल्हवत पायांचा सारा भार वर तोलायचा. तलावाच्या तळाला पाय टेकवून आधार घ्यायचा नाही, हा नियम. उलटं असताना नाकात पाणी शिरू नये म्हणून नाकावर चिमटा. केस विस्कटू नयेत म्हणून गरम पाण्यात विरघळवलेलं जिलेटिन ब्रशनं केसांवर थापतात. ते वाळून टणक होतं आणि खेळ संपल्यावर गरम पाण्याच्या धारेखालीच निघतं. संगीत ऐकू यावं म्हणून पाण्याखालीही स्पीकर बसवलेले असतात. हे सगळं श्वास रोखून, आणि चेहऱ्यावर श्रमाची एक रेष न दिसू देता.

श्वास रोखणं म्हणजे काय, हे जून 2022 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत जगानं पाहिलं. अमेरिकेची अनिता अल्वारेझ एकल सादरीकरण संपवता संपवता पाण्यातच बेशुद्ध झाली आणि तळाकडे जाऊ लागली. तिच्या प्रशिक्षक आंद्रेआ फुएन्तेस स्वतः ऑलिंपिक पदकविजेत्या. त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली आणि तिला वर काढलं. ज्यांना हा खेळ म्हणजे पाण्यातली शोभा वाटते, त्यांनी तो प्रसंग आठवावा.

तुम्हाला मात्र हे पटवायला मला फार बोलावं लागणार नाही. काठीच्या राजवाडी होळीला कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून पहाटेपर्यंत नाचणारे बावा-बुध्या तुम्ही पाहिले आहेत, तुमच्यातले काही स्वतः नाचले आहेत. ढोल एक, पावलं शेकडो, आणि एकाचं पाऊल चुकलं तर शेजारच्याला लगेच कळतं. तोच ताल, फक्त पायाखालची जमीन काढून घेतलेली आणि नाकातोंडाशी पाणी आणलेलं, अशी कल्पना करा. सिल्व्हीचा खेळ तुमच्या लक्षात येईल.

या खेळाला मान फार उशिरा मिळाला. ऑस्ट्रेलियाची पोहणारी अ‍ॅनेट केलरमन हिनं 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात काचेच्या टाकीत कसरती करून दाखवल्या, तेव्हा तो बघ्यांच्या करमणुकीचा खेळ होता. ऑलिंपिकमध्ये त्याला पदकाची जागा मिळाली ती 1984 साली, लॉस एंजेलिसला. तिथं एकल आणि जोडी या दोन्ही प्रकारांत अमेरिकेच्या ट्रेसी रुइझनं सुवर्ण घेतलं. पुढच्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या कॅरोलिन वाल्डोनं दोन्ही सुवर्णं नेली. आपल्या देशाचं म्हणाल तर 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कविता कोलापकर आणि बीजल वसंत या जोडीनं, तर एकल प्रकारात अवनी दवे हिनं भारताच्या वतीनं भाग घेतला. त्या वेळी दोन्ही सुवर्णं कॅनडाकडेच गेली. या तिघींचं नाव आपल्याकडे कुणाच्या ओठांवर नाही, हे मला खटकतं. पदक न मिळणाऱ्या खेळात देशासाठी उतरायला वेगळीच हिंमत लागते.

सिल्व्हीच्या हाताला यश लवकर आलं. प्रशिक्षक ज्युली सोव्हे यांच्या हाताखाली ती घडली. 1986 मध्ये एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकल सुवर्ण मिळालं, तेव्हा तिचं वय एकोणीस. 1990 मध्ये ऑकलंडला तेच पदक पुन्हा. जानेवारी 1991 मध्ये पर्थला ती जगज्जेती झाली. आता राहिलं फक्त ऑलिंपिक. 1992 चं बार्सिलोना तिचंच, असं या खेळातले लोक धरून चालले होते.

बार्सिलोनाला जायला काही दिवस उरले असताना तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं आत्महत्या केली. घरात त्याला पहिल्यांदा पाहिलं तेही तिनंच. त्या आठवड्यात तिनं काय सोसलं असेल, यावर मी काही बोलणार नाही, तो अधिकार मला नाही. एवढंच सांगतो, की ती स्पर्धेला गेली.

आता बार्सिलोनाच्या त्या दिवसाकडे जरा जवळून पाहू. तेव्हा स्पर्धेचे दोन भाग असत आणि दोन्हींना सारखंच वजन असे. एक, संगीतावरचं मुक्त सादरीकरण. दुसरा, सक्तीच्या आकृत्या. या आकृत्यांच्या वेळी ना संगीत, ना शृंगार. साधा काळा पोशाख, पांढरी टोपी, आणि पंचांसमोर एकेकीनं यायचं. ठरवून दिलेली आकृती करायची आणि बाजूला व्हायचं. शाळेत फळ्यासमोर उभं राहून एकेकट्यानं गणित सोडवण्यासारखी ही परीक्षा. सिल्व्हीच्या वाट्याला आलेल्या आकृत्यांत एक होती ‘अल्बाट्रॉस’. डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत, पाण्यातून वर येता येता अर्धा वळसा घ्यायचा. तिनं ती उत्तम केली. ब्राझीलच्या पंचांना 9.7 गुण द्यायचे होते. समोरच्या यंत्रावर पडले 8.7.

चूक त्यांच्या तात्काळ ध्यानात आली. त्यांनी आकडा बदलायचा प्रयत्न केला, तो यंत्रानं घेतला नाही. त्या शेजारच्या सहायक पंचांना सांगू लागल्या. दोघींची भाषा वेगळी, नेमकं काय झालंय ते पोचेना. तेवढ्यात 8.7 हा आकडा फलकावर झळकला. कॅनडानं तक्रार केली. निर्णय आला, की जाहीर झालेला गुण बदलता येत नाही. अपील झालं, तेही फेटाळलं गेलं. जिनं गुण दिले ती स्वतः म्हणते आहे की मला हे गुण द्यायचे नव्हते. तरी ते गुण कायम!

आकृत्यांच्या भागात अमेरिकेच्या क्रिस्टन बॅब-स्प्रेगला 92.808 गुण, सिल्व्हीला 92.557. मुक्त सादरीकरणात सिल्व्ही पुढे, 99.160 विरुद्ध 99.040. तरी मागची तूट पूर्ण भरून निघाली नाही. अंतिम बेरीज 191.848 आणि 191.717. फरक 0.131. अमेरिकेला सुवर्ण, सिल्व्हीला रौप्य, जपानच्या फुमिको ओकुनोला कांस्य. आपल्यावर अन्याय झालाय हे माहीत असताना, घरी काय सोडून आलोय हे माहीत असताना, तिनं ते मुक्त सादरीकरण केलं. आणि त्या भागात ती दोघींतली सरस ठरली. तिच्या साऱ्या कारकिर्दीत मला सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट.

पुढं काय झालं ते नीट ऐका. कॅनडातल्या माणसांनी हा विषय सोडला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीतले कॅनडाचे डिक पाउंड यांनी पाठपुरावा केला. जागतिक जलतरण महासंघानं अखेर मान्य केलं, की चूक झाली होती. 1993 मध्ये निर्णय झाला आणि त्या डिसेंबरात माँट्रियलमध्ये, तिच्याच शहरातल्या लोकांसमोर, सिल्व्ही फ्रेशेतच्या गळ्यात सुवर्णपदक घालण्यात आलं.

मग क्रिस्टन बॅब-स्प्रेगच्या पदकाचं काय झालं? तिचं सुवर्ण तिच्याकडेच राहिलं. तिनं कोणतीही लबाडी केली नव्हती. समोर आलेल्या गुणांवर ती जिंकली होती. महासंघानं एकीवरचा अन्याय धुताना दुसरीवर नवा अन्याय केला नाही. 1992 च्या एकल स्पर्धेच्या अधिकृत नोंदीत आज दोन सुवर्णं आहेत, रौप्य कुणाचंच नाही, आणि कांस्य ओकुनोचं. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते. आपल्याकडे ‘एकाला द्यायचं तर दुसऱ्याचं काढावंच लागेल’ हे वाक्य किती सहज तोंडात येतं! ते दर वेळी खरं नसतं. चूक नोंदीत झाली होती, दुरुस्तीही नोंदीतच झाली.

खेळाच्या नियमांनीही धडा घेतला. मोठ्यांच्या स्पर्धांतून सक्तीच्या आकृत्या गेल्या आणि त्यांच्या जागी संगीतावरचं तांत्रिक सादरीकरण आलं. मुलामुलींच्या वयोगटांत त्या अजून आहेत. ऑलिंपिकमध्ये एकल प्रकारच बंद झाला, म्हणजे सिल्व्हीची स्पर्धा त्या प्रकारातली शेवटची ठरली. निवृत्त झालेली सिल्व्ही 1996 साली अटलांटाला परत आली. या वेळी आठ जणींच्या संघातली एक म्हणून आली आणि कॅनडाला रौप्य मिळालं. जगज्जेती राहिलेल्या बाईनं रांगेत उभं राहून सात जणींच्या हातापायांशी आपले हातपाय जुळवून घ्यायचे, हे सोपं नाही. एकटीनं पोहताना ताल स्वतःचा असतो. संघात आपल्याला जमतं त्यापेक्षा थोडं कमी उंच जावं लागतं, थोडं थांबावं लागतं. नंतर तिनं ‘सर्क द्यु सोलेय’ या प्रसिद्ध सर्कशीच्या लास वेगासमधल्या ‘ओ’ नावाच्या जलप्रयोगासाठी काम केलं, आणि मुलींना शिकवलं.

आपल्या महाराष्ट्रातही उशिरा मान मिळालेलं असं एक नाव आहे. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून, विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. ऑलिंपिकमध्येही तोवर कुणा भारतीयानं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं नव्हतं. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला 2024 मध्ये. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, त्यांच्या हाती आला जानेवारी 2025 मध्ये. सिल्व्हीला सोळा महिने लागले, पेटकरांना बावन्न वर्षं. तिच्या आकड्यामागे माणसं लगेच उभी राहिली, पेटकरांच्या मागे उभं राहायला आपण अर्धं शतक लावलं. ते हयात असताना पुरस्कार मिळाला यात समाधान मानणं मला जमत नाही.

आता आपल्या तालुक्याकडे येतो. सिल्व्हीला ते पदक मिळालं त्या 1993 सालच्या पावसाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीच्या घरांत नर्मदेचं पाणी शिरत होतं. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावं गेली, त्यांत मणिबेली पहिलं. धरणाची उंची पुढं 138.68 मीटरपर्यंत गेली. यादीत नाव असणं आणि नसणं यांत काय अंतर असतं, हे मी बाहेरून येऊन तुम्हाला शिकवायला नको. वनहक्काचा दावा असो, पुनर्वसनाची यादी असो, सातबारा असो, एका अक्षरासाठी, एका आकड्यासाठी माणसं वर्षानुवर्षं नंदुरबारच्या खेपा घालतात.

त्याच नर्मदेच्या पाण्यावर आपल्या तालुक्यातल्या चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेनं 2020 मध्ये जे केलं, त्याची बातमी देशभर गेली. रेलू वसावे त्यांचं नाव. टाळेबंदीत अलिगाट आणि दादर या पाड्यांवरची माणसं केंद्रावर येईनाशी झाली. तेव्हा मासेमारीची होडी मागून घेऊन त्या स्वतः वल्हवत, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, तिथं जाऊ लागल्या. नदीकाठी वाढल्यामुळं पोहणं आणि वल्हवणं त्यांच्या अंगात होतंच. होडीत पोषण आहार असायचा, आणि मुलांची वजनं करायचं साहित्य असायचं. वल्हवून दंड भरून यायचे, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा वल्हवायचं. आहार तर पोचवायला हवाच, पण वजनही तिथं जाऊनच घ्यायचं, अंदाजानं रजिस्टर भरायचं नाही.

हे सांगताना पुन्हा तो 8.7 आणि 9.7 चा फरक माझ्या डोळ्यांपुढं येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्याच्या बाबतीत कमी वजनाची रेषा 9.7 किलोवर आहे, आणि तीव्र कमी वजनाची 8.6 वर. म्हणजे 9.7 किलोचा मुलगा रेषेवर आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. 8.7 किलोचा मुलगा तीव्र रेषेपासून अवघ्या शंभर ग्रॅमवर आहे. त्याला आजच डॉक्टरांना दाखवायला हवं. बार्सिलोनाच्या तलावाकाठी त्या एका आकड्यानं पदकाचा रंग बदलला. अलिगाटच्या ओट्यावर तोच आकडा उलटा चुकला, 8.7 च्या जागी 9.7 पडला, तर एक आजारी मूल निरोगी मुलांच्या रांगेत जाऊन बसेल आणि त्याच्यासाठी तक्रार करायला कुणी डिक पाउंड येणार नाही.

पोहण्याविषयीही एक मागणं आहे. या तालुक्याच्या उत्तरेला आता मैलोन्मैल पाणी आहे. शाळेला, बाजाराला, दवाखान्याला माणसं होडीनं जातात, तरंगता दवाखाना त्याच पाण्यावर चालतो. तिथल्या प्रत्येक आश्रमशाळेत पोहायला शिकवणारा माणूस हवा आणि होडीत प्रत्येक मुलामागे एक लाइफ जॅकेट हवं. ही मुलं पाण्याला घाबरत नाहीत. त्यांना रीतसर शिकवणारा मिळाला, तर पुढचं काय ते ती बघतील. ऑलिंपिकचा विचार नंतर करू, पहिल्यांदा एकही मूल बुडता कामा नये.

आणि नोंदी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माझी विनंती आहे. बार्सिलोनाच्या त्या पंचांना मी दोष देत नाही. बोट कुणाचंही चुकतं आणि त्यांनी तर चूक लपवली नाही, त्याच क्षणी सांगितली. दोष त्यांचा, ज्यांनी ऐकलं आणि ‘आता फलकावर लागलं’ म्हणून हात झटकले. उद्या एखादा बाप हजेरीपटातलं नाव, दाखल्यावरची जन्मतारीख, दाव्यातलं क्षेत्र किंवा पोराचं वजन चुकलंय म्हणून तुमच्या टेबलासमोर येऊन उभा राहील. त्याला पुढच्या सोमवारी बोलावू नका. रजिस्टर त्याच्यासमोर उघडा, आणि चुकलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा.